मीठ उतरलं तेव्हा गाडी चालली

मित्रांनो, धरमतरच्या धक्क्याकडे जाताना उंडीच्या झाडाखाली एक मोडकी मालमोटार दिसते. तिला चाकं नाहीत, ती चार दगडांवर टेकलेली आहे आणि जिथे इंजिन होतं त्या पोकळीत कोंबड्या अंडी घालतात. ती मी.

माझं वय तेरा वर्षांचं. तुम्ही म्हणाल, तेरा वर्षं हे काय म्हातारपण झालं? पण समुद्राच्या वाऱ्यात लोखंडाचं एक वर्ष माणसाच्या पाच वर्षांएवढं असतं. आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे. ती सगळी माझी एकटीची नाही. तिच्यात करमअलीचा वाटा मोठा आहे, आणि तिचा सगळ्यात जड भाग मनुबाई नावाच्या बाईच्या वाट्याला आला.

माझा जन्म दूर परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं काही आठवत नाही. घणांचा आवाज आठवतो, रंगाचा वास आठवतो आणि मग जहाजाच्या पोटातला लांबलचक अंधार. सन एकोणीसशे सव्वीसच्या थंडीत मुंबईहून एका पडावात, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीत घालून मला धरमतरला आणलं. दोन फळ्यांवरून मी किनाऱ्यावर उतरले तेव्हा मला पाहायला सारं गाव लोटलं होतं. एका म्हातारीने माझ्या चाकावर पाणी घातलं आणि हळदकुंकू वाहिलं. त्या वेळी मी नुसती इंजिन आणि सांगाडा अशी होते. अलिबागच्या सुतारांनी माझ्यावर ऐनाच्या लाकडाचा हौदा बसवला, बाजूंना हिरवा रंग दिला, आणि मी रावजीशेठच्या वखारीत कामाला लागले.

रावजीशेठ वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्याचा नारळ-सुपारीचा व्यापार होता. नागाव, चौल, रेवदंडा इथल्या वाड्यांतून माल उचलायचा आणि धरमतरच्या धक्क्यावर पोचवायचा, हे माझं काम. आणि मला चालवायला त्याने करमअलीला ठेवलं.

करमअली बारा वर्षं आगबोटींवर नोकरी करून परतला होता. बोटीच्या इंजिनाला तेल घालणं हे त्याचं काम. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचा डाग होता. तो बोलायचा कमी. सकाळी मला चालू करण्याआधी तो माझ्या इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवायचा, जसा तुमची आई ताप बघायला तुमच्या कपाळावर ठेवते तसा. मग गादीवर बसून सेल्फचं बटण पायाने दाबायचा आणि मी पहिल्याच खेपेला बोलू लागायची. लोक म्हणायचे, "करमअलीच्या पायाला गाडी वळखते." हे ऐकून मला फार अभिमान वाटे.

रोज संध्याकाळी तो मला विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवायचा. वरून तर सगळेच धुतात, पण तो पोतं अंथरून माझ्याखाली शिरायचा आणि सांगाड्याचे कानेकोपरे फडक्याने पुसायचा. एकदा रावजीशेठने त्याला विचारलं की, खाली कोण बघायला येणार आहे? तो म्हणाला, "शेठ, दर्या बघायला येतो." बोटीवर त्याने एवढं तर शिकून घेतलं होतं की खारं पाणी आणि लोखंड यांची कधी दोस्ती होत नाही.

ती माझी पाच वर्षं सुखाची गेली. त्यातच मिठाच्या चळवळीचं वर्ष आलं आणि गेलं. त्याच्या पुढच्या साली रावजीशेठने पोयनाडच्या बाजूच्या एका मिठागराचं मीठ वाहायचं काम घेतलं. रेवदंड्याच्या कोळ्यांना मासे खारवायला मीठ लागे, अलिबागच्या बाजारालाही लागे. दिवसाला एक खेप असायची तिथे तीन झाल्या. मिठाच्या गोणी ओल्या असत. त्यांचं पाणी हौद्याच्या फळ्यांतून खाली ठिबकायचं आणि माझ्या सांगाड्यावर साचायचं. उन्हात ते वाळलं की मागे पांढरी खपली राही.

करमअलीने गोणींखाली अंथरायला जाड ताडपत्री मागितली. शेठ म्हणाला, बघू. पुन्हा मागितली. शेठ म्हणाला, हंगाम संपू दे. तिसऱ्यांदा तो गप्प बसला. रोजचं धुणंही सुटलं. तीन खेपा करून दिवस मावळायला यायचं, मिठागरापासून विहीर लांब, आणि माणूसही थकतो, मित्रांनो. आधी तो दिवसाआड धुवायचा, मग शुक्रवारी, मग जमेल तेव्हा. मी त्याला दोष देत नाही. पण घडलं ते घडलं तसं सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी माल भरताना करमअली मला चालूच ठेवायचा. मिठागरावर गोणी भरायला तास तास लागे. पेट्रोल फुकट जळतं म्हणून भरताना इंजिन बंद ठेवायचा हुकूम झाला. आणि तेव्हापासून माझं ते विचित्र दुखणं बाहेर आलं.

दुखणं असं, की मी कधी चालू व्हायची आणि कधी व्हायची नाही. सकाळी वखारीत पहिल्या दाबाला चालू. मिठागरावर गोणी भरून झाल्या की कधी चालू, तर कधी मुकी. सेल्फ दाबला तर खट्टसुद्धा नाही. पुढून घालायचं हँडल मारून मारून खांदे भरून येत, पण ठिणगीच पडायची नाही. मग मिठागरावरची दहा माणसं मला ढकलायची, आणि एखाद्या खड्ड्यात गचका बसला की मी अचानक जागी व्हायची. एकदा चालू झाले की मात्र अलिबागपर्यंत, रेवदंड्यापर्यंत काही त्रास नाही.

करमअलीने सारं तपासलं. पेट्रोलची नळी सोडून फुंकली. प्लग काढून घासले. हे सारं तो संध्याकाळी वखारीत करायचा, आणि वखारीत मी शहाण्या मुलीसारखी वागायची. शेवटी शेठने अलिबागहून हिरामण मिस्त्रीला बोलावलं. मोटारी दुरुस्त करणारा तो आमच्या बाजूला एकच. त्याने मला वीस वेळा बंद केली, वीस वेळा चालू केली, आणि वीसही वेळा मी चालू झाले. तरी त्याने बॅटरी नवी घालायला सांगितली, ती घातली. चार दिवसांनी मिठागरावर मी पुन्हा मुकी. हिरामण पुन्हा आला, पुन्हा मी त्याच्यासमोर नीट वागले. हात पुसत तो शेठला म्हणाला की गाडीत काही नाही, चालवणाऱ्याच्या हातात असेल. करमअली तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

त्याच सुमारास माझे पुढचे दिवे वारंवार जळू लागले. संध्याकाळच्या खेपेला दिवा लावला की तो आधी डोळे दिपवील असा पेटायचा आणि फट्‌दिशी जायचा. करमअली नवा गोळा लावायचा, तोही जायचा. गोळेच हलके येतात हल्ली, असं तो म्हणायचा. दिव्यांचं जळणं आणि माझं मुकेपण ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मला माहीत होतं. मला कुठे दुखतं आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मला बोलता येत नव्हतं.

आता तो दिवस सांगते.

सन तेहतीसच्या चैत्रातली दुपार होती. मिठागरावर माझ्यात गोणी भरून झाल्या होत्या आणि करमअली आंब्याखाली बसून भाकरी खात होता. एवढ्यात बांधावरून चार माणसं एक झोळी खांद्यावर घेऊन धावत येताना दिसली. झोळीत गोदू होती. गोदू म्हणजे मनुबाईची मुलगी. मनुबाई मिठागरावर गोणी वाहायची. गोदूचा नवरा धर्मा तिथेच मीठ ओढायला असायचा. करमअलीला ती सगळी माणसं घरच्यासारखी ओळखत होती. मनुबाई त्याला करमभाय म्हणायची, आणि तिच्या परसातलं अळू त्याच्या बायकोला, मेहरुन्निसाला, पाठवायची.

गोदू दोन दिवस अडली होती. सुईणीने हात टेकले होते. आता अलिबागचा दवाखाना हाच एक मार्ग उरला होता.

करमअलीने भाकरी टाकली. गोणींवर गोधडी अंथरून गोदूला निजवलं, मनुबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, धर्मा फळीवर चढला. करमअलीने सेल्फ दाबला.

मी मुकी होते.

त्याने पुन्हा दाबला. मग तो हँडल घेऊन खाली उतरला. तीस वेळा मारलं. धर्माने त्याच्या हातातून हँडल ओढून घेतलं आणि मारत राहिला, त्याच्या हाताची सालटं निघाली तरी मारत राहिला. मित्रांनो, माझ्या अंगात पेट्रोल होतं, बॅटरीत वीज होती, सगळं ठीक होतं. फक्त एका जागी, माझ्या पोटाखाली, बोटभर जागेत वाट तुटली होती. मी मनाने हजार वेळा चालू झाले. शरीराने एकदाही नाही.

माणसं मला ढकलू लागली. पण माझ्यात गच्च भरलेलं मीठ, खाली भुसभुशीत वाट, चाकं हातभर हलून रुतली. एकाला बैलगाडी आणायला पाठवलं. गावातल्या दोन्ही गाड्या पेणच्या बाजाराला गेल्या होत्या. तो हात हलवत परत आला. तासामागून तास चालला होता. गोदूचं कण्हणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं.

शेवटी करमअली ओरडला, "मीठ उतरवा. हलकी करा, मग ढकलू."

गोदूला उचलून खाली सावलीत ठेवलं आणि माणसांनी गोणी भिरकावायला सुरुवात केली. काही फुटल्या, मीठ वाटेवर पसरलं. अर्ध्याहून अधिक गोणी गेल्यावर गोदूला रिकाम्या फळ्यांवर निजवलं. माणसं मागे ढकलायला उभी राहिली. करमअली गादीवर बसला आणि ढकला म्हणण्याआधी त्याने सवयीने, उगाच, एकदा सेल्फ दाबला.

मी एका दाबाला चालू झाले. अगदी सकाळी वखारीत व्हायची तशी.

ढकलायला वाकलेली माणसं हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्याकडे बघायला करमअलीला वेळ नव्हता. त्या वाटेवरून मी जेवढी धावले तेवढी आयुष्यात कधी धावले नसेन. कार्ले खिंडीच्या चढावर मनुबाईचा आवाज आला, "पोरी, डोलं उघड. अलिबाग आलं बघ." अलिबाग यायचं होतं अजून. गोदूने डोळे उघडले की नाही, ते मला दिसलं नाही. पण खिंड उतरताना माझ्या फळ्यांना तिचं वजन निराळं लागलं.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर बाहेर आले. त्यांनी गोदूची नाडी पाहिली, पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग एवढंच विचारलं, "घरून निघालात किती वाजता?"

गोदू गेली होती, आणि तिच्याबरोबर तिचं मूलही.

करमअलीने तांब्याभर पाणी आणून मनुबाईपुढे ठेवलं. तिने तांब्याला हात लावला नाही. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "मीठ उतरलं तवा गाडी चालली. आदी न्हाय चालली."

हेच वाक्य ती मिठागरावर बोलली, गावात बोलली, विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही बोलली. दुसरं काहीच ती बोलत नव्हती. आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला. करमअलीला शेठच्या मिठाची काळजी होती, बाईच्या जिवाची नव्हती. अडलेल्या बाईला गोणींवर नेऊन त्याला मीठ नासवायचं नव्हतं, म्हणून गोणी उतरेपर्यंत त्याने गाडी बिघडल्याचं सोंग केलं. नाहीतर गोणी उतरल्याबरोबर ती एका दाबात कशी चालू झाली? दहा माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हिरामण मिस्त्रीचं बोलणंही कुठून तरी तिथे येऊन पोचलं की गाडीत काही नाही, हातात आहे.

करमअलीने एकदाच सांगायचा प्रयत्न केला. धर्माकडे जाऊन तो म्हणाला की अल्लाची शपथ, मी थांबलो नव्हतो. धर्माने आपले सोललेले हात करमअलीपुढे धरले.

मिठागरावरची माणसं करमअलीच्या गाडीत गोणी घालीनात. रावजीशेठ दोन दिवस वाट बघून म्हणाला, तू थोडे दिवस घरी बैस. त्याच्या जागी सदा नावाचा तरुण ड्रायव्हर आला. करमअली जाताना माझ्या झाकणावर हात न ठेवताच गेला. माझ्यावरचा त्याचा विश्वास उडाला असावा. तसं झालं असेल तर त्यात त्याचं काही चुकलं नाही.

सदा चांगला पोरगा होता, पण माझं दुखणं ड्रायव्हर बदलून जाणारं नव्हतं. आठवड्यात दोनदा मी त्याच्यापुढेही मुकी झाले. महिन्याने, वैशाखातल्या एका सकाळी, मी मिठागरावर भरून उभी होते आणि दोन तास काही केल्या बोलेना. सदा रडकुंडीला आला. करमअलीचं घर खाडीच्या बाजूला पायी अर्ध्या तासावर होतं. कोणाला न विचारता सदा तिकडे गेला.

करमअली आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते. मजुरांनी त्याला वाट करून दिली, पण रामराम कोणी केला नाही. मनुबाई एका बाजूला रिकामी पाटी उपडी घालून तिच्यावर बसली होती. तो माझ्यापाशी आला आणि नुसता उभा राहिला. सदा हँडल पुढे करत होता, ते त्याने घेतलं नाही. तो गोणींकडे बघत होता.

मग तो सदाला म्हणाला, "ती बाय महिनाभर काय बोलते, ऐकलंस? मी शिवी म्हणून ऐकलं. ती तर खराबी सांगते आहे."

आणि त्याने काम सुरू केलं. माझ्या दिव्याचं बटण त्याने चालू करून ठेवलं. दिवा लागला नाही. उन्हात दिवा लागलेला कळावा म्हणून सदाला त्यावर टोपी धरून बघत बसायला सांगितलं. मग मजुरांकडे वळून तो म्हणाला, पुढच्या रांगेतल्या गोणी एकेक करून खाली घ्या. कोणी हललं नाही. भरलेली गाडी उगाच रिकामी कोण करणार, आणि तीही याच्या सांगण्यावरून? तेव्हा मनुबाई उठली. तिने पदर खोचला आणि पहिली गोण डोक्यावर घेतली. ती का उठली ते मला आजही सांगता येणार नाही. ती उठल्यावर धर्मा उठला, मग बाकीचे.

अकरावी गोण उतरली आणि सदा म्हणाला, "लागला, दिवा लागला."

"आता परत भरा," करमअली म्हणाला.

गोणी परत चढू लागल्या. दहावी चढली आणि दिवा गेला. कोणीही बटणाला हात लावला नव्हता.

आता सगळे जवळ आले होते. करमअलीने पोतं अंथरलं आणि भरलेल्या गाडीखाली तो उताणा सरकला. आजवर सगळ्यांनी मला रिकामी असतानाच तपासलं होतं. त्याने एकेक तार हाताने धरून हलवली. आणि मग त्याचा हात तिथे आला.

बॅटरीतून वीज निघते, तशी तिला परतही यावं लागतं. त्यासाठी तांब्याचा एक विणलेला पट्टा बॅटरीपासून माझ्या लोखंडी सांगाड्याला बोल्टाने आवळलेला असतो. हा बोल्ट हौद्याच्या लाकडी तुळईला लागून, सहज न दिसणाऱ्या जागी होता. दोन वर्षं मिठाचं पाणी नेमकं तिथे उतरत होतं. पट्ट्याचा हिरवा चुरा झाला होता, बोल्ट निम्मा खाल्ला गेला होता, आणि सगळ्यावर मिठाची आणि चिखलाची खपली होती. मी रिकामी असले की तो पट्टा कसाबसा टेकलेला राही. ओझं पडलं की माझा सांगाडा बोटभर वाकायचा आणि पट्टा सुटायचा. मग ना सेल्फ, ना ठिणगी. आणि एकदा इंजिन फिरू लागलं की ते स्वतःपुरती वीज स्वतःच तयार करतं, म्हणून चालत्या गाडीला काही व्हायचं नाही. फक्त ती जास्तीची वीज बॅटरीत जाऊ शकायची नाही, ती दिव्यांवर जायची आणि दिवे जळायचे.

त्याने पट्टा बोटाने दाबून धरला. गोणी जागच्या जागी होत्या आणि दिवा लागला. सोडला, दिवा गेला.

बराच वेळ तो खालीच पडून राहिला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्याने तो बोल्ट काढला, जागा घासून पांढरी केली, सदाच्या पेटीतला दुसरा बोल्ट आणि तारेचा जाड तुकडा बांधला. सदाने गच्च भरलेल्या गाडीत सेल्फ दाबला आणि मी चालू झाले. कोणाला आनंद झाला नाही. मलाही नाही.

करमअली बाहेर आला तो हातात तो खाल्लेला बोल्ट घेऊन. तो मनुबाईसमोर गेला आणि तळहात उघडून उभा राहिला.

तिने बघितलं. "येवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच," तो म्हणाला. "तू बोललीस ते अक्षर न अक्षर खरं होतं, बाय. मी सोंग केलं नव्हतं. पण दिवे जळत होते तेव्हाच मला कळायला हवं होतं. ताडपत्री तिसऱ्यांदा मागायला हवी होती. खाली शिरून पुसायचं मी सोडलं, ते मीच सोडलं."

मनुबाई त्या बोल्टाकडे बघत राहिली. धर्मा तोंड फिरवून बांधाकडे चालू लागला. मग ती म्हणाली, "तुजी चूक न्हाय, असं मी बोलनार न्हाय, करमभाय. पन तू खोटा न्हवतास. येवढं मी समद्यांना बोलंन."

आणि तिने ते केलं. पुढच्या दिवसांत ती ज्या ज्या दारात पहिलं वाक्य बोलून आली होती, त्या त्या दारात जाऊन हेही बोलून आली. पायी गेली, गावातल्या घरी आणि पलीकडच्या वाडीतही.

रावजीशेठने ताडपत्री आणली. करमअलीला परत बोलावलं आणि तो आला. सदा दुसरीकडे कामाला लागला. पुढे चार वर्षं करमअलीने मला चालवलं आणि त्या चार वर्षांत मी एकदाही मुकी झाले नाही. रोज संध्याकाळी, कितीही थकला असला तरी, तो पोतं अंथरून माझ्याखाली शिरायचा. पण पूर्वीचे दिवस काही परत आले नाहीत. मिठागरावरची माणसं त्याच्याशी कामापुरतं बोलत. मनुबाई गोणी आणून टाकी, पण माझ्या फळीवर तिने पुन्हा कधी पाय ठेवला नाही. गोण खालूनच वर द्यायची. करमअलीही कार्ले खिंड उतरताना गाडी फार हळू घ्यायचा, मोकळी असली तरी.

सदतीस साली त्याला छातीचा विकार झाला. आषाढात तो अंथरुणाला खिळला आणि दसऱ्याच्या सुमारास गेला. मी तेव्हा वखारीत होते, शेठच्या बोलण्यातून मला कळलं. हंगाम सुरू झाल्यावर नवा ड्रायव्हर मिठागरावर गेला तेव्हा मनुबाईने त्याला विचारलं, "मयताला कोन कोन गेलतं?" त्याने चार नावं सांगितली. त्यात धर्माचं होतं. ती बरं म्हणाली आणि कामाला लागली.

नव्या ड्रायव्हरला माझ्याखाली शिरायची सवय नव्हती. दीड वर्षात माझा सांगाडा दोन ठिकाणी चिरला. शेठने नवी मोटार घेतली. माझं इंजिन नागावच्या एका वाडीत विहिरीचं पाणी ओढायला गेलं, चाकं दुसऱ्या कोणी नेली, आणि उरलेली मी इथे टेकवली गेले. मला याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. पण वस्तूंचं असंच व्हायचं असतं. मला रात्रंदिवस आठवते ती दुपार.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी सायकल असेल, शिवणाचं यंत्र असेल, विहिरीवर रहाट असेल. आम्ही वस्तू एकदम बिघडत नाही. आधी पुष्कळ दिवस आम्ही आमच्या परीने सांगत असतो. ओझं पडलं की अडतो, दिवा जाळतो, कधी बोलतो कधी बोलत नाही. तेव्हा आम्हाला लाथ मारू नका आणि चालवणाऱ्याला खोटा ठरवू नका. केव्हा अडते आणि केव्हा अडत नाही, हे नीट बघा. रागाने बोलणाऱ्याचंही ऐका, त्याने कदाचित तेच पाहिलेलं असतं जे तुम्ही पाहिलं नाही. आणि जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे वाकून एक फडकं फिरवा. कंटाळा आला तरी फिरवा.

त्या वर्षी कोणी एकानेच, एकदाच, भरलेल्या गाडीखाली वाकून बघितलं असतं, तर गोदूचं मूल आज सहा वर्षांचं असतं. या जूनमध्ये धर्माने त्याचं नाव शाळेत घातलं असतं.